बिऱ्हाड हलतंय, पत्ता मात्र तोच

चहा झाला असेल, निदान आधण तरी ठेवलं असेल.

गेल्या महिन्यात मंडळाच्या स्नेहभोजनाला जेवणाच्या रांगेत एका काकूंनी मला गाठलं. मुलगा आणि सून इथे असतात म्हणून त्या साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. म्हणाल्या, "अहो, तुम्ही त्याच लाइनीतले ना? आमचा मुलगा दिवसभर खोलीचं दार लावून बसतो. काय करतोस विचारलं, तर म्हणतो दुसऱ्याचा कोड वाचतोय. नुसतं वाचायचे पैसे देतात होय तुमच्याकडे?" मी हसलो, उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मसालेभाताचं पातेलं पुढे आलं आणि उत्तर राहून गेलं. आज ते देतो. काकू ऐकत असतील अशी आशा आहे.

उत्तर मोघम दिलं तर कुणाच्याच पदरात काही पडणार नाही. म्हणून एकच कोड निवडला आहे आणि त्यातलंही एकच काम. लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात. त्या कर्नलमध्ये मेमरीतली पानं एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणारा कोड आहे. इंग्रजीत त्याला पेज मायग्रेशन म्हणतात. तो कोड तपासायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे आज बघू. आधीच सांगतो, मी कर्नल लिहिणारा माणूस नाही. मी सल्लागार, वर एमबीए. म्हणजे मीटिंगा घेणारा. हा कोड वाचायला मी का लागलो, ती गोष्ट मध्ये येईल. ती फारशी अभिमानाची नाही.

सुरुवात कर्नलपासून. एक मोठा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. त्यात शेकडो बिऱ्हाडं. ब्राउझर हे एक बिऱ्हाड, व्हॉट्सअॅप दुसरं, फोटो दाखवणारं अॅप तिसरं. कोणाला किती खोल्या द्यायच्या, पाणी कधी सोडायचं, कोण कोणाच्या खोलीत डोकावू शकत नाही, हे सगळं बघणारा एक कारभारी असतो. तो कर्नल. लिनक्सचा कर्नल १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं लिहायला घेतला. आज तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये तोच आहे, आणि जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत २०१७ पासून प्रत्येक संगणक त्याच्यावरच चालतो. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. बदल सुचवणारा माणूस आपला बदल सगळ्यांसमोर मांडतो, त्याला पॅच म्हणतात, आणि बाकीचे तो वाचून शंका काढतात. काकूंचा मुलगा कदाचित हेच करत असेल.

आता मेमरी. तुमच्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी मेमरी असेल, तर कर्नल तिचे एकसारखे छोटे चौकोन पाडतो. बहुतेक मशिनांत एक चौकोन ४,०९६ बाइटचा. यालाच पेज किंवा पान म्हणायचं. १६ जीबीत अशी जवळजवळ ४२ लाख पानं बसतात. गंमत अशी की कोणत्याही प्रोग्रामला आपण खरोखर कुठल्या खोलीत राहतो हे माहीतच नसतं. त्याला कारभाऱ्यानं एक पत्ता दिलेला असतो, "तू सातव्या मजल्यावर, तिसरं दार." ते सातव्या मजल्यावरचं दार प्रत्यक्षात कोणत्या खोलीत उघडतं, हे कारभाऱ्याच्या वहीत लिहिलेलं असतं. या वहीला पेज टेबल म्हणतात. त्यामुळे कारभारी रात्रीतून बिऱ्हाड दुसऱ्या खोलीत नेऊ शकतो आणि वहीत नोंद बदलली की काम झालं. राहणाऱ्याचा पत्ता तोच राहतो. आपलं परदेशात नेमकं उलटं झालं, पत्ता बदलला आणि बिऱ्हाड बरंचसं तेच राहिलं. असो.

पण हलवायचंच कशाला? कारणं खरी आहेत. पहिलं कारण अंतर. मोठ्या सर्व्हरमध्ये दोन किंवा अधिक प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याची स्वतःची मेमरी असते. स्वतःच्या मेमरीतून वाचणं पटकन होतं. पलीकडच्या प्रोसेसरच्या मेमरीतून वाचायला सर्वसाधारणपणे दीडपट ते दुप्पट वेळ लागतो. काम एका बाजूला आणि सामान दुसऱ्या बाजूला असलं, तर सामान कामाजवळ आणलेलं बरं. लिनक्समध्ये २००६ साली २.६.१६ या आवृत्तीत पान हलवण्याची सोय आली ती याच गरजेतून.

दुसरं कारण सलग जागा. कधीकधी एकदम २ एमबीचा सलग तुकडा लागतो, म्हणजे शेजारी शेजारी ५१२ रिकामी पानं. वाड्यात रिकाम्या खोल्या भरपूर असतात, पण विखुरलेल्या. लग्नाची पंगत बसवायला जसं सलग अंगण लागतं, तसं इथे मधली बिऱ्हाडं बाजूला सरकवावी लागतात. २०१० पासून कर्नल हे काम करतो. फोनमध्ये तुम्ही कॅमेरा उघडता तेव्हाही असं होऊ शकतं. कॅमेऱ्याला सलग जागा हवी असते, ती रिकामी पाडून ठेवणं परवडत नाही, म्हणून तोवर तिथे इतर पानं राहू देतात आणि गरज पडली की हलवतात. तिसरं कारण, चालू मशिनमधून मेमरीचा एखादा भाग काढून घ्यायचा असेल, तर त्यातली पानं आधी दुसरीकडे न्यावी लागतात.

मंडळी, या सगळ्यात एक अट आहे. बिऱ्हाड हलत असताना घरातली माणसं घरातच आहेत. स्वयंपाक चालू आहे. प्रोग्राम थांबवून, "जरा बाहेर बसा" असं म्हणायची सोय नाही. एखादा प्रोग्राम त्याच क्षणी त्याच पानावर काहीतरी लिहायला जाऊ शकतो. आणि त्या पानाचा पत्ता एकाच प्रोग्रामकडे असेल असंही नाही, दहाजण तेच पान वापरत असतील.

(छोटं संगीत)

तर कारभारी हे कसं करतो, ते पायरीपायरीनं ऐका. तपासणाऱ्याला हा क्रम पाठ असावा लागतो.

आधी तो जुन्या पानाला कुलूप लावतो, म्हणजे हलवण्याचं काम एकाच वेळी दोघांनी सुरू करू नये. त्या पानाची डिस्कवर नोंद उतरवण्याचं काम चालू असेल, तर ते संपू देतो. मग नव्या पानाला कुलूप लावतो. त्यानंतर ज्या ज्या वहीत जुन्या पानाची नोंद आहे, ती प्रत्येक नोंद काढून तिच्या जागी एक चिठ्ठी ठेवतो, "बिऱ्हाड हलतंय, थांबा." आता एखादा प्रोग्राम तिथे आलाच, तर चिठ्ठी बघून तो थांबतो. त्याला वाटतं मेमरी जरा हळू चालतेय, एवढंच.

मग सगळ्यात महत्त्वाची पायरी, मोजणी. प्रत्येक पानाबरोबर एक आकडा असतो, किती जणांनी हे पान धरून ठेवलं आहे त्याचा. वहीतल्या सगळ्या नोंदी काढल्यावर हा आकडा अमुकच उरला पाहिजे, असा हिशोब असतो. आकडा त्याहून जास्त निघाला, तर त्याचा अर्थ वहीत नाव नसलेला कुणीतरी आत बसला आहे. उदाहरणार्थ, नेटवर्क कार्ड त्या पानातून थेट डेटा उचलत असेल. अशा वेळी कारभारी हट्ट करत नाही. चिठ्ठ्या काढतो, जुन्या नोंदी परत लिहितो, कुलपं उघडतो, नवं पान परत करून टाकतो आणि निघून जातो. बिऱ्हाड जिथे होतं तिथेच.

आकडा बरोबर आला, तर मात्र पुढे जायचं. नव्या पानाची नोंद लावायची, मजकूर उतरवून घ्यायचा, जुन्या पानावरच्या सगळ्या खुणा नव्या पानावर आणायच्या, चिठ्ठ्यांच्या जागी खऱ्या नोंदी करायच्या आणि कुलपं उघडायची. थांबलेले सगळे पुढे चालू लागतात. त्यांना काही घडल्याचं कळतही नाही.

मी हा क्रम पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं सगळं लक्ष शेवटच्या भागावर होतं, मजकूर उतरवून घेण्यावर. मला वाटलं, खरं काम ते. ज्या मित्रानं मला हा कोड वाचायला लावला तो म्हणाला, "ते तर सोपं आहे रे. ४,०९६ बाइट इथून तिथे. हलवणं जमलं नाही तर काय होतं, ते वाच." परतीची वाट वाच, असं त्याचं म्हणणं होतं. कारण हलवणं फसण्याची शक्यता इथे अपवाद नाही, ते रोज घडतं. पान कुणीतरी धरलेलं असतं, नवी जागा मिळत नाही, डिस्कचं काम संपत नाही. दर वेळी सगळं होतं तसं परत लावून ठेवावं लागतं. आणि लिहिणाऱ्याचं लक्ष बहुधा पुढे जाण्याकडे असतं, माघारी येण्याकडे नसतं. म्हणून तपासणाऱ्यानं माघारीचा रस्ता चालून बघायचा.

याचं एक खरं उदाहरण २०२२ सालचं आहे. ते सांगण्यासाठी आधी एक खूण समजावून घेऊ. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात दुकान होतं त्यांना कच्ची वही आणि पक्की वही माहीत असेल. दिवसभर कच्च्या वहीत लिहायचं, रात्री पक्क्या वहीत उतरवायचं. मेमरी ही कच्ची वही आणि डिस्क ही पक्की. एखाद्या पानात बदल झाला, पण तो अजून डिस्कवर उतरवलेला नाही, अशा पानावर एक खूण असते. तिला डर्टी म्हणतात. त्याचा अर्थ घाण असा नाही, "उतरवायचं बाकी" असा आहे. मेमरी कमी पडली की कर्नल काही पानं सोडून देतो. खूण असेल तर आधी डिस्कवर उतरवतो आणि मग सोडतो. खूण नसेल तर म्हणतो, पक्क्या वहीत सगळं आहेच, आणि सरळ टाकून देतो.

आता ही खूण दोन ठिकाणी असू शकते, कारभाऱ्याच्या वहीतल्या नोंदीवर आणि खुद्द पानावर. प्रोग्राम लिहितो तेव्हा प्रोसेसर वहीतल्या नोंदीवर खूण करतो. त्यामुळे नोंद काढून चिठ्ठी ठेवताना, खूण नोंदीवरून उचलून पानावर लावायला हवी. पानं हलवणाऱ्या नेहमीच्या कोडमध्ये हे केलं जात होतं. पण ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांच्या मेमरीत पानं नेण्यासाठी एक वेगळा कोड आहे आणि त्यात वेळ वाचवणारा एक जवळचा रस्ता होता. पानाला लगेच कुलूप लागलं, तर तिथल्या तिथे नोंद काढून चिठ्ठी ठेवायची. या जवळच्या रस्त्यावर खूण उचलायची राहिली होती.

मग काय व्हायचं, बघा. पान हलवायला घेतलं. नोंद काढली, तिच्याबरोबर खूणही गेली. मोजणी केली तर कुणीतरी पान धरलेलं. म्हणून माघार घेतली, पान होतं तिथेच ठेवलं, नोंद परत लिहिली. सगळं पूर्ववत. फक्त "उतरवायचं बाकी" ही खूण तेवढी नाही. पुढे मेमरी कमी पडली, कर्नलनं ते पान बघितलं, खूण दिसली नाही, टाकून दिलं. नंतर प्रोग्रामनं ते पान मागितलं तेव्हा डिस्कवरची जुनी प्रत हातात आली. मधला बदल गायब. कुठेही एररचा मेसेज नाही, मशीन बंद पडलेलं नाही. दुरुस्ती किती मोठी होती? नोंदीवर खूण असेल तर ती पानावर लाव, एवढीच. मोजून एक अट आणि एक ओळ.

मी हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कारण हा प्रकार मी आधी बघितला होता.

(छोटं संगीत)

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका घाऊक व्यापार करणाऱ्या ग्राहकाच्या ऑर्डरी जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये न्यायच्या होत्या. तेही मायग्रेशनच. पुण्याच्या टीममधल्या एका मुलीनं कोड लिहिला होता, नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. तपासणारा मी. शुक्रवारची दुपार होती, कोड चारशेएक ओळींचा होता, आणि माझ्या यादीत त्या दिवशीची आणखी सहा कामं होती. एमबीएच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की काम कुठे तुंबतंय ते शोधा आणि तो तुंबारा काढा. माझ्या मते त्या दिवशीचा तुंबारा मीच होतो. मी तो कोड बारा मिनिटांत वाचला. वाचला म्हणजे वरून खाली सरकवला. चांगला दिसत होता. मी "छान" लिहिलं आणि मंजुरीचं बटण दाबलं.

शनिवारी रात्री काम अर्ध्यावर असताना नेटवर्क तुटलं. कोडमध्ये प्रत्येक ऑर्डरवरची "पाठवायची बाकी" ही खूण आधी पुसली जात होती आणि मग ऑर्डर पाठवली जात होती. पाठवणं फसलं तर खूण परत लावायला हवी होती. ती लावली जात नव्हती. त्यामुळे काही ऑर्डरी नव्या सिस्टिममध्ये पोचल्या नाहीत आणि जुन्या सिस्टिमला वाटत राहिलं की त्या गेल्या. ग्राहकाच्या गोदामातल्या लोकांनी दोन दिवस कागदी चलनं काढून एकेक ऑर्डर हातानं जुळवली.

सोमवारी सकाळी मोठी कॉल झाली. वरच्या साहेबांनी विचारलं, "हा कोड कुणी लिहिला?" त्या मुलीचं नाव घेतलं गेलं. मी त्या कॉलवर होतो. म्यूटवर होतो. मी बोललो ते बुधवारी, तेही मॅनेजरला एकट्याला फोन करून, की तपासायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. तोवर तिचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. नोकरी गेली नाही, पण त्या ग्राहकाच्या कामावरून तिला काढलं. मी तिला फोन केला तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "सर, मला वाटलं तुम्ही वाचलं असेल."

त्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या दिवसांनी मी हे त्या मित्राला सांगितलं आणि त्यानं मला कर्नलमधला तो कोड वाचायला बसवलं. म्हणाला, "जगातली बरीचशी मशिनं ज्या कोडवर चालतात, तो कोड लोक कसा तपासतात ते तरी बघ."

मी बघितलं, आणि मला सगळ्यात आधी धक्का बसला तो सहीचा. लिनक्समध्ये एखाद्या बदलाखाली "मी तपासलं" अशी आपल्या नावाची ओळ घालता येते. पण त्या ओळीचा अर्थ कर्नलच्या नियमांत लिहून ठेवला आहे. माझ्या शब्दांत सांगतो. ही ओळ घालणारा म्हणतो की मी हा बदल तांत्रिकदृष्ट्या तपासला आहे. मला ज्या शंका आल्या त्या मी लिहिणाऱ्याला विचारल्या आणि त्याच्या उत्तरांनी माझं समाधान झालं. यात अजून सुधारणा होऊ शकतील, पण हा बदल घेण्याजोगा आहे आणि तो नाकारावा असा कोणताही दोष माझ्या माहितीत नाही. आणि शेवटी, मी हमी मात्र देत नाही. ही ओळ लिहिणाऱ्याच्या सहीशेजारी कायमची राहते. दहा वर्षांनी कुणी तो बदल उघडला तरी दोन्ही नावं दिसतात. तिथे "कुणी लिहिला?" हा प्रश्न एकट्याला येऊन चिकटत नाही. माझ्या बारा मिनिटांच्या "छान"ला या चार वाक्यांपैकी एकही लागू पडत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं तपासतात तर चुका होतच नसतील. होतात. त्याचंही उदाहरण पान हलवण्याच्या याच कोडमधलं आहे, २०२३ सालचं.

प्रत्येक प्रोसेसरच्या आत अनेक कोअर असतात, म्हणजे काम करणारी अनेक डोकी. दर वेळी कारभाऱ्याची मोठी वही उघडायला नको म्हणून प्रत्येक कोअर नेहमीच्या पत्त्यांची एक छोटी चिठ्ठी खिशात ठेवतो. पान हलवलं की या खिशातल्या चिठ्ठ्या चुकीच्या ठरतात. म्हणून कारभाऱ्याला सगळ्यांना हाक मारून सांगावं लागतं, "अमुक चिठ्ठी फाडा", आणि सगळ्यांनी फाडली असं कळेपर्यंत थांबावं लागतं. पूर्वी हे दर पानामागे व्हायचं. हजार पानं, हजार हाका. मोठ्या सर्व्हरवर यात बराच वेळ जायचा. मग असा बदल आला की पानांचा गठ्ठा करायचा. सुमारे ५१२ पानांना कुलपं लावायची, सगळ्यांच्या नोंदी काढायच्या, एकदाच हाक मारायची, आणि मग सगळी एकदम हलवायची. माझ्यातला एमबीए उभा राहून टाळ्या वाजवेल अशी कल्पना. ती चांगलीच होती, आजही वापरात आहे. या बदलावर तपासणाऱ्यांच्या सह्याही होत्या.

तो बदल ६.३ या आवृत्तीसाठी घेतला गेला आणि थोड्याच दिवसांत दोन ठिकाणांहून तक्रार आली की मशीन मध्येच ठप्प होतंय. का होत होतं, ते स्वयंपाकघरातल्या उदाहरणानं सांगतो. दोन जावा एकाच वेळी पोळ्या करायला आल्या. एकीनं पोळपाट घेतला, दुसरीनं लाटणं. पहिली म्हणते, लाटणं मिळालं की पोळी लाटून पोळपाट देते. दुसरी म्हणते, पोळपाट मिळाला की लाटून लाटणं देते. दोघी सभ्य आहेत, कुणी हिसकावत नाही. दोघी उभ्याच, आणि तवा तापून लाल. कॉम्प्युटरच्या भाषेत या कोंडीला डेडलॉक म्हणतात.

एकेक पान हलवत होते तेव्हा ही कोंडी होत नव्हती, कारण वाट बघताना हातात दुसऱ्या कुठल्या पानाचं कुलूप नसायचं. गठ्ठा केल्यावर शंभर पानांची कुलपं हातात धरून एकशे एकाव्या पानाचं डिस्कचं काम संपायची वाट बघणं सुरू झालं. आणि ते डिस्कचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला या शंभरांपैकीच एक पान हवं असायचं.

दुरुस्तीत एक साधा नियम पाळला गेला, हातात इतरांची कुलपं असताना थांबायचं नाही. आधी गठ्ठ्यानं प्रयत्न करायचा, पण जे पान लगेच मिळत नाही ते सोडून पुढे जायचं. मागे राहिलेली पानं नंतर एकेक करून घ्यायची, आणि वाट बघायची असेल ती तेव्हा बघायची. ही दुरुस्ती ६.३ आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये पक्की होऊन बाहेर पडण्याआधीच आत गेली.

या प्रसंगातली मला भावलेली गोष्ट वेगळीच आहे. दुरुस्ती करणाऱ्या पॅचमध्ये मूळ बदल कोणता ते लिहिलेलं असतं, दोष कुणी दाखवला त्याचं नाव आभारासारखं लिहिलेलं असतं, आणि कोंडी कशी होते याचं स्पष्टीकरण असतं. या खेपेस दुरुस्ती गठ्ठ्याचा बदल लिहिणाऱ्यानंच केली. कुणी म्यूटवर गेलं नाही.

आता मी कामावर कोड तपासतो तेव्हा चार प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवतो. पहिला, हे मध्येच फसलं तर सगळं होतं तसं परत लागतं का? दुसरा, एखादी खूण पुसली असेल तर ती कुठेतरी उचलून ठेवली आहे का? तिसरा, हातात काही धरून हा कुणाची तरी वाट बघतोय का? आणि चौथा, नेहमीचा रस्ता सोडून कुठे जवळचा रस्ता काढलाय का, आणि त्या रस्त्यावर पहिले तीन प्रश्न विचारले आहेत का? चारशे ओळींना आता मला दोन तास लागतात. तुंबारा होतो. मॅनेजर कुरकुरतात. मी त्यांना तो शनिवार सांगतो.

तर काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. होय, वाचायचे पैसे देतात. कारण लिहिणारा आपल्याच कोडच्या प्रेमात असतो, तो पुढचा रस्ता बघत असतो. मागे यायची वाट दुसऱ्या कुणीतरी चालून बघावी लागते, आणि बघितली असं आपल्या नावानिशी सांगावं लागतं. तुमच्या मुलानं दार लावलं असेल, तर तासभर हाक मारू नका. जेवायला मात्र बोलवा.

आणि ज्यांच्या घरात मुलं-नातवंडं शाळेत कोडिंग शिकतायत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. मुलगा किंवा मुलगी प्रोग्राम दाखवायला आली की "वा, किती छान" जरूर म्हणा. पण त्यानंतर एक प्रश्न विचारा, "आणि मध्येच लाइट गेली तर?" तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळायची गरज नाही. आपल्यापैकी ज्यांनी भारनियमनाचे दिवस काढलेत त्यांना हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे. मूल जरा वेळ गप्प बसेल. बसू द्या.

पुण्यातली ती मुलगी आता एका टीमची प्रमुख आहे. दिवाळीला मेसेज येतो. गेल्या वर्षी तिनं मला एक कोड पाठवला, आणि खाली लिहिलं, "सर, वेळ असेल तरच बघा, पण बघाल तर नीट बघा." मी शनिवारची अख्खी सकाळ त्यात घातली. तीन शंका काढल्या. त्यातली एक बरोबर निघाली.

आज इथेच थांबतो. पुढच्या रविवारी याच वेळी भेटू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.